लग्नाआधीचा रिपोर्ट: खानापूर भागातलं एक प्रकरण

समुपदेशकांच्या प्रशिक्षणात चर्चेला घेता यावं म्हणून हे प्रकरण लिहिलं आहे. ही एकाच जोडप्याची हुबेहूब हकिकत नाही. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात ज्या तऱ्हेचे प्रसंग घडतात ते एकत्र गुंफून ती उभी केली आहे. म्हणून इथं कुणाला नाव नाही आणि गावंही मोघम ठेवली आहेत. कायदा, तपासणी आणि औषधं यांबद्दल जे लिहिलं आहे ते मात्र जसं आहे तसं.

मंडळी आणि तिचा नियम

खानापूर तालुक्यातली एक लहानशी मराठी ख्रिस्ती मंडळी. उपासना मराठीत, सरकारी कागद कानडीत. तरणी पोरं बेळगावच्या उद्यमबागेत मशीनवर. काही जण शिनोळीला जातात, म्हणजे सकाळी महाराष्ट्रात आणि संध्याकाळी परत कर्नाटकात. सोयरीक चंदगड, गडहिंग्लज, मिरज, गोवा, कुठंही जुळते. लग्न ठरलं की सलग तीन रविवारी उपासनेत दोघांची नावं वाचली जातात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. त्या वाचनाआधी दोघांनी एच.आय.व्ही.चा रिपोर्ट बंद पाकिटात घालून कमिटीच्या सेक्रेटरींकडे द्यायचा, असा या मंडळीचा नियम आहे. सेक्रेटरी पाकीट उघडतात, बघतात, पाळकांना 'ठीक आहे' म्हणून सांगतात आणि पाकीट कपाटात ठेवतात.

भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा 1872 चा. त्यात असा रिपोर्ट कुठंही मागितलेला नाही. नियम मंडळीनं स्वतः केलेला. तो का केला ते मात्र नियमाला नावं ठेवणाऱ्यांनी आधी ऐकून घ्यावं. मंडळीतली एक मुलगी बाहेरगावी दिली होती. पहिल्या बाळंतपणाच्या नोंदणीला रक्त तपासलं तेव्हा ती पॉझिटिव्ह निघाली. नवऱ्याला आधीपासून माहीत होतं. सासरच्यांनी दोष तिच्यावर ढकलला, कारण रिपोर्ट पहिल्यांदा तिचा आला होता. हे आपल्याकडं सर्रास घडतं. गरोदर बाईची तपासणी दवाखान्यात होतेच, नवऱ्याची होईलच असं नाही. त्यामुळं रोग घरात आणला कुणी आणि सापडला कुणाच्या रक्तात, यात लोक फरक करत नाहीत. नवरा गेल्यावर ती लेकरू घेऊन माहेरी आली. तिची आई वार्षिक सभेत उभी राहिली. "बाप्तिस्म्याचा दाखला मागतासा, वयाचा दाखला मागतासा. रक्ताचा एक कागद मागितला असता तर काय बिघडलं असतं?" एवढंच ती बोलली. नियम त्याच सभेत झाला, विरोधात एकही हात वर गेला नाही.

हा आग्रह फक्त ख्रिस्ती मंडळींचा आहे असंही नाही. सामूहिक विवाह लावणाऱ्या समित्यांत, वधू-वर मेळाव्यांत, जमातीच्या बैठकीत हा विषय निघतो. आपल्या जिल्ह्यात त्याला आणखी एक पदर आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची देवदासी प्रथा कर्नाटकानं 1982 च्या कायद्यानं बंद केली, तरी 'तो रोग' म्हटलं की बोट बाईकडं वळायची सवय गेली नाही. रिपोर्ट दोघांचा मागायचा म्हणतात, पण घाई असली की मुलीचा आधी घेतात आणि मुलाचा 'देतील की नंतर' म्हणून सोडून देतात. या मंडळीनं तेवढं तरी टाळलं होतं. इथं दोन्ही पाकिटं आल्याशिवाय नावं वाचत नसत.

मुलगा, मुलगी आणि एक खोटा कागद

मुलगा 26 वर्षांचा, जन्म 1999 चा. उद्यमबागेत सी.एन.सी. मशीनवर काम. आई-वडील दोघं तो लहान असतानाच गेले, मामानं वाढवला. गावात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट एवढीच, की बाप टीबीनं गेला. एच.आय.व्ही. त्याला आईकडून जन्मतःच आला होता. सरकारनं मोफत एआरटी, म्हणजे एच.आय.व्ही.वरची औषधं, 2004 च्या एप्रिलमध्ये सुरू केली आणि लहान मुलांसाठीची राष्ट्रीय योजना 2006 च्या नोव्हेंबरात. त्यामुळं हा पोरगा वाचला, असं म्हणायला हरकत नाही. त्याच्याआधी पाच वर्षं जन्मलेल्या कितीतरी लेकरांच्या वाट्याला ही वेळ आलीच नाही. मामानं त्याला बेळगावला न नेता कोल्हापूरला नेलं. बेळगावच्या रांगेत मंडळीतलं कुणी भेटलं असतं. शंभरावर किलोमीटर लांब, दुसऱ्या राज्यात, तिथं कोण ओळखणार? घरी सांगायचं दम्याचं औषध. त्याची सगळी नोंद त्यामुळं महाराष्ट्राच्या बाजूला. खानापूरच्या तपासणी केंद्राला तो माहीतच नव्हता.

आता तो दिवसातून एक गोळी घेतो. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर एकत्र असलेली. व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते बघण्याच्या, सलग तपासण्यांत विषाणू सापडलेला नाही.

मुलगी 23 वर्षांची, एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर कामाला. नाताळच्या गायनमंडळात दोघांची ओळख वाढली. तिचे वडील मंडळीच्या कमिटीवर आहेत. ही गोष्ट पुढं महत्त्वाची ठरते.

मुलानं पाकिटात घातलेला रिपोर्ट 'नॉन-रिअॅक्टिव्ह', म्हणजे निगेटिव्ह होता. सीमेपलीकडच्या एका लॅबचा. नाव त्याचं, वय त्याचं, रक्त मित्राचं. छोट्या लॅबमध्ये ओळखपत्र कुणी मागत नाही. सांगितलेलं नाव लिहून घेतात, रक्त काढतात, संध्याकाळी कागद देतात. सेक्रेटरींनी पाकीट उघडलं, 'ठीक' म्हटलं. पहिल्या रविवारी नावं वाचलीसुद्धा गेली.

मग मित्राच्या तोंडून गोष्ट फुटली. अर्धीच फुटली, की रक्त मी दिलंय. का दिलं, ते तो बोलला नाही. ती अर्धी गोष्ट दोन दिवसांत पाळकांच्या कानावर आली.

पाळक केंद्रात येतात

तालुका दवाखान्यातलं आय.सी.टी.सी., म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्र. समुपदेशक मॅडम मूळच्या हुक्केरीकडच्या, घरची भाषा कानडी, मराठी नोकरीत शिकलेल्या आणि आता इतक्या सराईत की शिव्यासुद्धा कळतात. दुपारी गर्दी ओसरल्यावर पाळक आले.

"मॅडम, जास्त काही नको. एवढंच सांगा की ओ. त्या पोराचं नाव तुमच्या रजिस्टरात हाय का न्हाय?"

मॅडमनी सांगितलं, की या खोलीत कोण येतं आणि कोण येत नाही, दोन्ही मी सांगू शकत नाही. तुमच्याबद्दल कुणी विचारायला आलं तरी माझं उत्तर हेच असेल.

पाळक चिडले नाहीत. ते घाबरलेले होते. "उद्या मी लग्न लावलं आणि पोरीला काय झालं, तर देवापुढं उत्तर मी द्यायचं. कमिटी नव्हं." यातला प्रामाणिकपणा नाकारण्याचं कारण नाही. प्रशिक्षणात हा प्रसंग वाचला की निम्मे लोक पाळकांना खलनायक ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. चाळीस वर्षं मंडळीतल्या प्रत्येक मयताला आणि प्रत्येक बारशाला उभा राहिलेला माणूस आहे तो.

पण मॅडमना हो किंवा नाही म्हणता येत नव्हतं, माहीत असतं तरी. एच.आय.व्ही. आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा 2017 मध्ये झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यातलं कलम 8 सांगतं, की विश्वासाच्या नात्यातून कळलेली दुसऱ्याची एच.आय.व्ही. स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायची नाही. हे डॉक्टरांना जसं लागू, तसंच पाळकांनाही. मुलानं उद्या त्यांच्यापुढं सगळं कबूल केलं, तरी ते कमिटीत बोलण्याचा अधिकार त्यांना मिळत नाही. पाळकांना हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. आपण सांगायलाच पाहिजे असं नाही, उलट सांगायचं नाही, हे कळल्यावर माणसाचं ओझं कमी होतंच.

कलम 9 थोडं वेगळं आहे. डॉक्टर किंवा समुपदेशक बाधित व्यक्तीच्या जोडीदाराला तिची स्थिती सांगू शकतो, पण काही पायऱ्या चढल्यावर. जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका आहे असं वाटायला हवं. बाधित व्यक्तीला स्वतः सांगण्यासाठी समुपदेशन झालेलं असावं. ती सांगणार नाही अशी खात्री झालेली असावी. आणि आता मी सांगणार आहे, असं तिला आधी कळवलेलं असावं. सांगितल्यानं त्या व्यक्तीला, विशेषतः बाईला, मारहाण किंवा घराबाहेर काढलं जाण्याची भीती असेल, तर सांगायचं नाही. इथवर ठीक. पण कायद्यात 'जोडीदार' म्हणजे नवरा-बायको किंवा लग्नासारख्या नात्यात राहणारी माणसं. साखरपुडा झालेली मुलगी त्यात बसते का? मला वाटतं, ओढूनताणूनच बसते. म्हणजे कलम 9 च्या भरवशावर मुलीला गाठून कानात सांगण्याची वाट मॅडमना मोकळी नव्हती. वर हाही प्रश्न, की कुणाबद्दल सांगायचं? त्यांच्या हातात होती ती एक अफवा.

त्यांनी पाळकांना एकच गोष्ट सुचवली. दोघांना एकत्र इकडं पाठवा. याच दोघांना असं नाही, ज्यांची लग्नं ठरलीत त्या सगळ्यांना. कारण विचारलं तर सांगा, की मंडळीनं यंदापासून ठरवलंय. पाळकांनी त्या हंगामातली तिन्ही जोडपी पाठवली. हे त्यांचं शहाणपण. एकट्या या जोडप्याला पाठवलं असतं, तर बोभाटा आपोआप झाला असता.

मुलीला काय माहीत होतं

दोघं आली. मॅडमनी आधी दोघांना वेगवेगळं बोलावलं. जोडप्याच्या समुपदेशनात ही पायरी गाळायची नाही, कारण एकत्र बसल्यावर मुली मान हलवतात आणि मान हलवण्याचा अर्थ काहीही असू शकतो. संमतीचा फॉर्म कानडीत होता. मुलीला कानडी वाचता येतं, शाळेत शिकलीय. तरी मॅडमनी ओळ न् ओळ मराठीत सांगितली आणि तिच्याकडून परत सांगून घेतली. कायद्यात संमती याचा अर्थ दबाव, फसवणूक, गैरसमज यांतलं काहीही नसताना दिलेली संमती. कमिटीला कागद हवाय म्हणून आलेली मुलगी दबावाखाली नाही असं कसं म्हणायचं? म्हणून मॅडमनी तिला सांगितलं, की तपासणी नको असेल तर नको, नुसतं बोलून गेलीस तरी चालेल, मी पाळकांना काही कळवणार नाही.

मुलगी म्हणाली, "तपासा की. पण तुम्ही मला काय सांगायचं बघू लागलाय ते मला माहीत हाय. वरीस झालं."

मुलानं तिला सगळं सांगितलं होतं. लग्नाचा विषय घरात निघण्याच्याही आधी. ती त्याच्याबरोबर कोल्हापूरला जाऊन आली होती, तिथल्या समुपदेशकांशी बोलली होती, त्याच्या उपचारांच्या नोंदींचं हिरवं पुस्तक तिनं स्वतः वाचलं होतं. मित्राचं रक्त देण्याची युक्ती? ती तिचीच.

"आमच्या दोघांत काय लपलेलं न्हाई. पाकीट उघडणार सेक्रेटरी, मग कमिटी, कमिटीत माझे पप्पा. कुणापास्नं लपवायचं ते सांगा."

प्रकरण इथं उलटं होतं. नियम केला होता मुलीनं अंधारात राहू नये म्हणून. इथं मुलगी सोडून सगळे अंधारात होते, आणि तिनंच त्यांना तिथं ठेवलं होतं. कायद्याच्या कलम 10 नं मुलावर जी जबाबदारी टाकली आहे, की खबरदारी घे किंवा आधी सांग, ती त्यानं कुणी न सांगता पाळली होती. खोटं त्यानं सांगितलं ते कपाटाला.

खोटा रिपोर्ट ही फसवणूक आहे, ते मॅडमनी दोघांना स्पष्ट सुनावलं. पण त्या तिथंच थांबल्या नाहीत, कारण मुलीचे खरे प्रश्न अजून आले नव्हते. ते मग आले, एकामागून एक.

गोळी एखाद्या रात्री राहिली तर? एका रात्रीनं विषाणू उसळत नाही. पण राहण्याची सवय लागली तर तो परत वाढतो आणि औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. व्हायरल लोड दर वर्षी बघत राहायचा तो एवढ्यासाठीच. विषाणू सापडत नाही, मग मला लागणार नाही हे नक्की? नियमित औषधावर असलेल्या आणि व्हायरल लोडमध्ये विषाणू न सापडणाऱ्या माणसाकडून शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही. जागतिक आरोग्य संघटना हे मान्य करते. ज्या जोडप्यांत एक बाधित आणि दुसरा नाही, त्यांच्या वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून हे पुढं आलं आहे. मूल? एच.आय.व्ही. बापाकडून थेट मुलाला जात नाही, तो आईकडून जातो. आई निगेटिव्ह राहिली तर मुलाचा प्रश्न उरत नाही. काहीच उपचार न घेणाऱ्या बाधित आईकडून बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण 15 ते 45 टक्के असतं. औषधांनी ते 5 टक्क्यांच्या खाली येतं. म्हणजे वाईटात वाईट धरलं, तरी वाट बंद नाही.

शेवटी तिनं विचारलं, की याच्या गोळ्या आमच्या घरात कुठं ठेवायच्या, सासूबाई नाहीत पण मामी रोज स्वयंपाकघरात असते. या प्रश्नाला कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही. मॅडम आणि ती बराच वेळ त्याच प्रश्नावर बोलत बसल्या.

तिची तपासणी निगेटिव्ह आली. बी प्रकारच्या काविळीची लस घ्यायचं ठरलं. मुलानं आपलं औषध बेळगावला वळवून घ्यावं का यावरही बोलणं झालं. तो तयार झाला नाही. मॅडमनी आग्रह धरला नाही.

कागद किती सांगतो

पाळकांनी पुढं मॅडमना कमिटीपुढं बोलावलं, नियमावर बोलण्यासाठी. कुणाही जोडप्याचा उल्लेख होणार नाही या अटीवर त्या गेल्या. मुलीचे वडील समोर बसले होते.

त्यांनी आधी फळ्यावर हिशोब मांडला. भारतात मोठ्या माणसांत एच.आय.व्ही.चं प्रमाण साधारण 0.2 टक्के, म्हणजे हजारात दोन. कर्नाटकात ते देशाच्या सरासरीहून जास्त आहे, पण हिशोबाला दोन धरू. समजा लॅबची एक झटपट तपासणी 99.5 टक्के वेळा निरोग्याला निरोगी म्हणते. ऐकायला किती छान. हजार वधू-वर तपासले तर खरे बाधित दोन सापडतील. उरलेल्या 998 पैकी अर्धा टक्का, म्हणजे पाच जण, काही नसताना 'रिअॅक्टिव्ह' निघतील. सात पाकिटांत पाच चुकीची. म्हणूनच सरकारी केंद्रात एका तपासणीवर कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या तीन तपासण्या होतात. खासगी लॅबचा एका पट्टीवरचा कागद सेक्रेटरींच्या हातात पडला आणि त्या रविवारी नावं वाचली गेली नाहीत, तर पुढं तीन तपासण्या निगेटिव्ह येऊन काय उपयोग? मोडलेलं लग्न त्या रिपोर्टनं जुळत नाही.

उलट बाजूही आहे. संसर्ग नुकताच झाला असेल तर तपासणीत तो दिसायला काही आठवडे, काही वेळा तीन महिन्यांपर्यंत लागतात. आणि लग्नानंतर काय होईल, त्याबद्दल कागद काहीच सांगत नाही.

एका सभासदानं विचारलं, की मग सरकार सक्तीचा कायदा का करत नाही, गोव्यात करणार होते ना? गोव्यात 2006 साली आणि पुन्हा 2019 साली तशी भाषा झाली होती. अलीकडं 2025 मध्ये मेघालयातही झाली. पण जिथं सक्ती खरोखर लागू झाली त्या अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचा अनुभव बघण्यासारखा आहे. तिथं जानेवारी 1988 पासून लग्नाच्या परवान्याला एच.आय.व्ही. रिपोर्ट सक्तीचा झाला. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे 70 हजार जणांची तपासणी झाली, बाधित निघाले 8. लग्नाच्या परवान्यांची संख्या घसरली, कारण माणसं शेजारच्या राज्यात जाऊन लग्न करू लागली. 1989 मध्ये कायदा मागं घेतला. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. डिझेलपासून दारूपर्यंत काय कुठल्या बाजूला स्वस्त, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. रिपोर्टचंही तेच झालं होतं, फक्त कमिटीला त्याचा पत्ता नव्हता.

आपल्याकडं सर्वोच्च न्यायालयापुढंही हा विषय येऊन गेला आहे. एका डॉक्टरची एच.आय.व्ही. स्थिती रुग्णालयातून बाहेर गेली आणि त्यांचं ठरलेलं लग्न मोडलं. ते न्यायालयात गेले. 1998 च्या निकालात न्यायालयानं अशा माणसाचा लग्नाचा हक्क 'स्थगित' असल्यासारखं म्हटलं होतं. 2002 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं स्पष्ट केलं, की लग्नाच्या हक्काबद्दलची ती टिप्पणी त्या खटल्यात करायला नको होती. म्हणजे बाधित माणसाला लग्नाचा हक्क नाही, असा कायदा या देशात नाही. जुन्या निकालाची ऐकीव आवृत्ती मात्र अजून फिरते आणि कमिटीतल्या एका वकिलानंही तीच सांगितली.

सर्वांत जोरात बोलले मुलीचे वडील. त्यांचं म्हणणं, कागद कच्चा असेल तर पक्का मागवा, तीन तपासण्यांचा मागवा, पण मागवा. "पोरीच्या बापाला बघायचा अधिकार न्हाई का?" मॅडम गप्प राहिल्या नाहीत आणि सावधही राहिल्या. त्यांनी विचारलं, की समजा पाकिटातला रिपोर्ट पॉझिटिव्ह निघाला आणि मुलगी म्हणाली, मला हे आधीच माहीत आहे आणि मला हाच मुलगा पसंत आहे, तर कमिटी काय करेल? वडील म्हणाले, असं कुठली पोरगी म्हणंल?

कुणी उत्तर दिलं नाही. ज्या बाईच्या शब्दावरून नियम झाला होता ती आता कमिटीवर होती. ती बोलली, पण वेगळंच. तिची लेक आणि नातू दोघं औषधावर आहेत, ठणठणीत आहेत, नातू दहावीत आहे. "त्याचं लगीन यायचं हाय पुढं. त्याचं पाकीट कोण उघडणार?"

काय ठरलं, काय राहिलं

वर्षभरापुरतं असं ठरलं. लग्न ठरलेल्या जोडप्यानं एकत्र केंद्रात जायचं. समुपदेशन दोघांचं, तपासणी दोघांच्या मर्जीनं, निकाल फक्त दोघांच्या हातात. केंद्राकडून मंडळीला काहीही यायचं नाही. दोघांनी पाळकांसमोर एका कागदावर सही करायची, की आम्ही एकमेकांच्या आरोग्याबद्दल बोललो आहोत आणि जे कळायला हवं ते दोघांना माहीत आहे. निकाल त्यात नाही, एच.आय.व्ही. हा शब्दही नाही. ठराव थोडक्या मतांनी झाला. मुलीच्या वडिलांनी विरोधात मत दिलं.

या व्यवस्थेला भोक आहे. खोटं बोलणारा मुलगा सही करूनही खोटं बोलू शकतो. मुलगी मुलाला समोरासमोर विचारू शकते, एवढीच काय ती राखण. मला ती कपाटापेक्षा बरी वाटते, कारण तिथं विचारणारी ती असते आणि उत्तर देणारा तो. शिवाय जिथं दबाव किंवा लपवाछपवी दिसेल, तिथं समुपदेशकाला वेगळं बोलायला वेळ मिळतो. तो वेळ लॅबच्या खिडकीवर कुणाला मिळत नाही.

तिन्ही जोडप्यांनी सह्या केल्या. खोटा रिपोर्ट मुलानं पाळकांना भेटून परत मागितला. पाळकांनी दिला, कारण विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. उरलेल्या दोन रविवारी नावं वाचली गेली. लग्न मे महिन्यात लागलं.

मुलीच्या आई-वडिलांना अजून माहीत नाही. प्रशिक्षणात सर्वांत मोठा वाद इथं होतो. अनुभवी समुपदेशकसुद्धा म्हणतात, की कधीतरी कळणारच, तेव्हा बाप म्हणेल, त्या सभेत माझ्यासमोर बसून मॅडमनी मला बनवलं. शक्य आहे. कायद्याच्या दृष्टीनं मुलगी सज्ञान आहे, निर्णय तिचा. बापाला सांगायचं की नाही आणि केव्हा, तेही तिचंच. मॅडमनी तिला एवढं मात्र सांगितलं, की सांगायचं ठरलं तर एकटी सांगू नकोस, मामांना बरोबर घे, कारण हे गुपित इतकी वर्षं त्यांनी वागवलं आहे आणि बापासमोर उभं राहण्याची ताकद त्यांच्यात आहे. मुलगी म्हणाली, बघू.

आणि एक काम राहिलंय. कमिटीच्या कपाटात नियम झाल्यापासूनची सगळी पाकिटं आहेत, नावांसकट. कायद्याच्या कलम 11 नुसार एच.आय.व्ही.ची माहिती ज्या संस्थेकडं असेल तिनं ती सुरक्षित ठेवायची आहे. इथं ती एका साध्या कुलपाआड आहे आणि किल्ली उपासनेच्या दिवशी टेबलावर पडलेली असते. त्यातली कित्येक माणसं आता पुण्या-मुंबईला, काही आखातात. पाकिटं ज्याची त्याला परत करायची, की सगळ्यांसमोर जाळायची, आणि जाळण्याआधी कुणी उघडून बघणार नाही याची हमी कोण देणार? सेक्रेटरींचं म्हणणं, ठराव झाल्याशिवाय ते किल्ली कुणाला देणार नाहीत. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय चौथा आहे, छताच्या पत्र्यांनंतर.